पोरं मुक्या जनावरांच्या जिवावर का उठतात? वाचकांचे प्रश्न

मुलांकडून होणारा जनावरांचा छळ आणि पुढच्या गुन्हेगारीशी असलेलं त्याचं नातं, या विषयावर सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. घर ओळखू येईल असे तपशीलही गाळले आहेत.

प्रश्न : मी एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं की क्रूर गुन्हेगारांनी लहानपणी कुत्र्यामांजरांचे हाल केलेले असतात. का करतात, हे मात्र कुणी सांगितलं नाही. कारणच माहीत नसेल तर वर्गातल्या मुलाशी बोलायचं तरी काय?
(शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : बाई, हाच प्रश्न स्टीफन केलर्ट आणि ॲलन फेल्थस या दोन अमेरिकी संशोधकांनी थेट कैद्यांना विचारला. त्यांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. कॅन्सस आणि कनेटिकट या राज्यांतल्या तुरुंगांतले कैदी आणि बाहेरचे सर्वसाधारण नागरिक अशा १५२ पुरुषांच्या त्यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या. तुरुंगातल्या वागण्यावरून कैद्यांचे कमी-जास्त आक्रमक असे गट पाडले होते. सर्वांत आक्रमक गटात चौघांमागे एकाने लहानपणी पाच किंवा त्याहून जास्त वेळा जनावरांशी क्रूरपणे वागल्याचं सांगितलं. बाकीच्या कैद्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं आणि तुरुंगाबाहेरच्या पुरुषांत शून्य. प्रशिक्षणात हे सांगताना एक बाजू राहून जाते. चौघांत एक म्हणजे उरलेल्या तिघांनी इतक्या वेळा तसं केलेलं नव्हतं.

या मुलाखतींतून नऊ हेतू पुढे आले. पहिला, जनावराला ताब्यात ठेवणं. कुत्रं भुंकायचं थांबत नाही म्हणून त्याच्या पोटात लाथ घालणारा मुलगा स्वतःला क्रूर समजत नाही, आपण त्याला वळण लावतोय असं त्याला वाटतं. दुसरा, जनावरावरच सूड. मांजराने ओरबाडलं, कोंबडा अंगावर आला, मग त्याला धडा शिकवायचा. तिसरा, एखाद्या जातीबद्दलचा तिटकारा. उंदीर, साप, घुबड, काळं मांजर यांच्या बाबतीत घरातल्या मोठ्यांचीच त्याला मुभा असते, त्यामुळे हा हेतू सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. चौथा, जनावराच्या हातून हिंसा घडवणं. कुत्र्याला चिडवून, उपाशी ठेवून माणसांवर किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर सोडणं यात येतं. पाचवा, आपली मारण्याची ताकद वाढवणं. गलोलीने नेम धरायचा, हात साफ करायचा, आपण घाबरत नाही हे दाखवायचं. सहावा, बघणाऱ्याला हादरवून मजा घेणं. सातवा, माणसावर सूड. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असतं आणि विष त्याच्या कुत्र्याला घातलं जातं. आठवा, ज्याच्यावर राग आहे त्याच्यापुढे तोंड उघडता येत नाही म्हणून तो राग जनावरावर काढणं. नववा, दुसरं कसलंही कारण नसताना नुसत्या वेदना बघण्यात मिळणारा आनंद.

यातला आठवा नीट समजून घ्या. मुलाखतींमध्ये आक्रमक कैद्यांच्या बालपणी घरातली मारझोड आणि बापाची दारू वारंवार येते. बापाला मारता येत नाही, कुत्र्याला येतं. आणि एका प्रसंगामागे बहुधा एकच हेतू नसतो. शेजाऱ्याच्या मांजराला मारणाऱ्याच्या मनात शेजाऱ्याचा राग, मांजराचा तिटकारा आणि मित्रांपुढची बढाई हे तिन्ही एका वेळी असू शकतं.

मुलांच्या बाबतीत ही यादी अपुरी पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रँक ॲस्कियोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिच्यात भर घातली. कुतूहल, दोस्तांचा दबाव, मोठ्या माणसाने जबरदस्तीने करायला लावणं, घरात बघितलेल्याची नक्कल, स्वतःवर झालेल्या अत्याचाराचा खेळ करून दाखवणं, ही त्यातली काही कारणं. एक कारण ऐकवत नाही असं आहे. दुसरा कुणी हाल करून मारणार हे ठाऊक असल्यामुळे मूल आपल्या लाडक्या जनावराला स्वतःच मारून टाकतं.

वर्गातल्या मुलाला ‘का केलंस?’ असं विचारू नका. ‘सहज’ किंवा ‘माहीत नाही’ यापलीकडे उत्तर येत नाही, कारण बऱ्याचदा त्यालाच ते माहीत नसतं. त्याला एकट्याला बसवून घडलेलं क्रमाने विचारा. त्याच्या आधी काय झालं होतं? सोबत कोण होतं? जनावर ओरडायला लागल्यावर तू काय केलंस? नंतर त्याचं काय केलंस? कुणाला सांगितलंस? ‘आधी काय झालं’ यात सूड आणि वळवलेला राग दिसतो. ‘सोबत कोण’ यात दबाव आणि बढाई. ‘ओरडल्यावर काय केलंस’ हा सर्वांत मोलाचा प्रश्न. थांबलो, पळालो, घाबरलो म्हणणारा मुलगा वेगळा आणि ओरडत होतं म्हणून आणखी केलं म्हणणारा वेगळा. मूल बोलत असताना चेहऱ्यावर किळस आणू नका. ती दिसली की पुढचं सगळं आत राहतं.

प्रश्न : माझं पोरगं चार वर्षांचं. कोंबडीची पिल्लं मुठीत दाबतंय, मांजराची शेपटी ओढतंय. एक पिल्लू मेलं तर म्हणतंय, ‘उठव की त्याला.’ सासूबाई म्हणतात हा पुढं जाऊन खुनी होणार. मला झोप लागेना झालीय.
(एक आई, निपाणी)

उत्तर : ताई, ‘उठव की त्याला’ या वाक्यातच उत्तर आहे. मेलेलं उठत नाही हेच त्याला अजून कळलेलं नाही. चौथ्या वर्षी मरण कायमचं असतं ही समज पक्की नसते, मुठीतल्या जोराचा अंदाज नसतो, आणि पिल्लाला दुखतं हे कुणी दाखवल्याशिवाय त्याच्या ध्यानात येत नाही. ही क्रूरता नव्हे.

पिल्लं त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नका, डालग्याला अडसर लावा. त्याला खाली मांडी घालून बसवा, दोन्ही तळव्यांची ओंजळ करायला सांगा आणि पिल्लू तुम्ही स्वतः त्यात ठेवा. तुमचा हात खाली राहू द्या. दोन मिनिटं पुरेत, मूल कंटाळलं की मूठ वळते. त्याच्या बोटाखाली पिल्लाची धडधड जाणवू द्या आणि ‘बघ, घाबरलंय’ असं म्हणा. हळू धरलं तर लगेच तेवढंच बोला, ‘किती हळू धरलंस.’ जोरात दाबलं तर न ओरडता पिल्लू काढून घ्या, त्या दिवशी पुन्हा देऊ नका. शेपटी ओढली म्हणून त्याचा कान ओढू नका. मोठ्याने लहानाला दुखवायचं असतं, एवढंच तो त्यातून शिकेल.

सहा-सात वर्षांचा झाल्यावरही, दुखतं हे कळत असूनही तो करत राहिला, तर पुन्हा लिहा. सासूबाईंना हे पान वाचून दाखवा आणि ‘खुनी’ हा शब्द पोराच्या कानावर पडू देऊ नका.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा. आमच्या मोत्याला पट्ट्यानं मारतो. तो शाळेतून आला की कुत्रं बैलगाडीखाली जाऊन बसतं, हाक मारली तरी येत नाही. माझा मुलगा पितो. सुनेला आणि पोराला त्याच पट्ट्यानं मारतो. मी म्हातारी काय करू?
(एक आजी, चिकोडी तालुका)

उत्तर : आजी, तुम्ही पट्ट्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. नातू त्याच पट्ट्याने मारतो, म्हणजे बापाचंच बघून करतो आणि बापावरचा रागही मोत्यावर काढतो. कुत्र्यापासून सुरुवात करून हे सुटणार नाही. आधी पट्टा थांबला पाहिजे.

अशी घरं जगभर सापडली आहेत. १९८३ साली न्यू जर्सीतल्या ५३ कुटुंबांचा अभ्यास झाला. ही सगळी मुलांच्या छळामुळे सरकारी नोंदीत आलेली, जनावर पाळणारी घरं होती. त्यांतल्या ६० टक्के घरांत जनावराचाही छळ होत होता, आणि जिथे मुलांना मारहाण होत होती तिथे ८८ टक्के घरांत. यूटा राज्यात घर सोडून आसऱ्याला आलेल्या बायकांच्या ॲस्कियोन यांनी केलेल्या अभ्यासात, जनावर पाळणाऱ्यांपैकी ७१ टक्के बायकांनी सांगितलं की नवऱ्याने जनावराला मारलं किंवा मारायची धमकी दिली होती. जनावराचा जीव धोक्यात असतो म्हणून बाई घर सोडायला कचरते, हेही त्यातून पुढे आलं.

मारहाण चालू असेल तर ११२. सुनेसाठी महिलांचा क्रमांक १८१, नातवासाठी १०९८. अंगणवाडीताई किंवा आशाताई यांना विश्वासात घ्या, नंबर त्या लावून देतील. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सुनेला घरातून न निघताही न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो. त्यासाठीचा अर्ज संरक्षण अधिकारी भरून देतात. मुलाची दारू जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सुटू शकते, पण एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असा जिवावरचा त्रास होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

मोत्याला काही दिवस भावकीत ठेवा. जमत नसेल तर नातू घरी असताना कुत्रं तुमच्या नजरेखाली हवं. नातवाशी मोत्याला मारल्या मारल्या बोलायला जाऊ नका. संध्याकाळी शेंगा फोडताना, तो तुमच्याकडे बघत नसताना बोला, ‘बाबा मारतो तेव्हा तुला कुठं दुखतंय?’ मोत्याचं नाव काढू नका. बहुतेक मुलं आपणहून तिथे येतात, आणि आली तर रागावू नका.

प्रश्न : मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे. अंथरूण ओलं करणं, आग लावणं आणि प्राण्यांचा छळ ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मूल खुनी होतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे कितपत खरं?
(बेळगाव शहर)

उत्तर : हे त्रिकूट जॉन मॅकडोनाल्ड या मनोविकारतज्ज्ञाच्या १९६३ सालच्या लेखातून आलं. त्यांनी बघितले होते ते खुनाची धमकी दिलेले १०० रुग्ण. धमकी दिलेले, खून केलेले नव्हे. बाहेरच्या माणसांशी तुलना नव्हती. पुढे स्वतः मॅकडोनाल्ड यांनाच आपल्या निरीक्षणाला पुरेसा आधार मिळाला नाही. पण १९६६ मध्ये हेलमन आणि ब्लॅकमन यांनी ८४ कैद्यांवरचा अभ्यास मांडताना हे त्रिकूट भविष्य सांगतं असं म्हटलं, आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलं.

अंथरूण ओलं होण्याचा खुनाशी संबंध नाही. आनुवंशिकता, गाढ झोप, लहान मूत्राशय, बद्धकोष्ठता आणि घरातला ताण ही त्याची कारणं. सात-आठ वर्षांच्या मुलाला या त्रिकुटाच्या नावाने घाबरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

उरलेल्या दोन गोष्टी दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत, पण त्या वाट दाखवतात असंही नाही. आर्लूक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या १५३ जणांची तुलना त्यांच्याच शेजारच्या १५३ जणांशी केली. पहिल्या गटातल्या सर्वांवर जनावरांच्या छळाचा खटला झालेला होता. माणसांवरच्या हिंसेचे गुन्हे त्यांच्या नावावर पाचपटीहून जास्त निघाले. चोरी, अमली पदार्थ यांचेही जास्त निघाले. आता खरा मुद्दा बघा. जनावराचा छळ आधी आणि माणसावरची हिंसा नंतर, असा क्रम सापडला नाही. तो जितक्यांदा आधी होता तितक्यांदाच मागाहून होता. म्हणजे छळ ही खुनाकडे जाणारी पहिली पायरी ठरत नाही. एकूण बिघडलेल्या वागण्यातली ती एक गोष्ट असते. राइट आणि हेन्सली यांनी २००३ मध्ये ३५४ मालिका खुन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ७५ जणांच्या, म्हणजे २१ टक्क्यांच्या बालपणात प्राण्यांचा छळ सापडला. प्रबंधात हा आकडा घालाल तर उरलेल्या ७९ टक्क्यांबद्दलही लिहा.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या चार मुलांनी दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधली, व्हिडिओ काढला आणि तो गावभर फिरला. पालक म्हणतात पोरखेळ. काही लोक म्हणतात पोलिसात द्या. एसडीएमसीची, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीची, बैठक बोलावली आहे.
(मुख्याध्यापक, हुक्केरी तालुका)

उत्तर : सर, बैठकीआधी चौघांशी बोला, एकाच दिवशी आणि एकेकट्याशी. एकत्र बसवलंत तर चौघांची एकच गोष्ट तयार होते. कल्पना कुणाची, कुत्र्याला धरलं कुणी, माळ कुणी पेटवली, फोन कुणाच्या हातात होता, ‘नको रे’ कुणी म्हटलं का, हे वेगवेगळं लिहून काढा. चौघांचे हेतू वेगळे निघतील. कल्पना काढणाऱ्याला बहुधा लोकांना हादरवायचं असतं, फोनवाल्याला लाईक हवे असतात, धरणारा कंपूतून बाहेर पडायच्या भीतीने धरतो. चौघांना एकच शिक्षा दिली तर धरणारा उगाच भरडला जातो आणि कल्पना काढणारा आणखी मोठा होतो.

सर्वांसमोर प्रार्थनेच्या वेळी माफी मागायला लावू नका. ज्याला सगळ्यांनी आपल्याकडे बघायला हवं होतं, त्याला तुम्ही पाचशे मुलांपुढे उभं कराल. व्हिडिओ एका प्रतीत पुरावा म्हणून ठेवा आणि तो पुढे पाठवायचा नाही हे पालकांना स्पष्ट सांगा. बाल न्याय कायद्यातल्या चौकशीतल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पोलिसांबद्दल. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तो आजच्या काळात लाजिरवाणा आहे. जनावर मेलं किंवा निकामी झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र मुलं १८ च्या आतली असतील आणि कुणी मोठा सामील नसेल, तर अशा गुन्ह्यात एफआयआर होत नाही. ठाण्यातला बालकल्याण पोलीस अधिकारी दैनंदिनीत नोंद करतो, मुलाच्या घरची माहिती असलेला अहवाल करून बाल न्याय मंडळाकडे पाठवतो. कोठडीत ठेवता येत नाही. त्यामुळे नोंद झाली म्हणून मुलांचं आयुष्य संपलं, ही पालकांची भीती खोटी आहे. कुत्रं गंभीर भाजलं असेल, किंवा या चौघांपैकी कुणी आधीही असं केलं असेल, तर नोंद जरूर करा. समुपदेशनाची सोय मंडळामार्फत होते.

भरपाई मुलांच्या हातून व्हावी. उपचाराचा खर्च बापाच्या खिशातून गेला तर मुलाला काही कळत नाही. सुट्टीच्या दिवशी एखाद्या शिक्षकाच्या देखत जनावरांचा पाण्याचा हौद घासणं आणि भरणं, असं दोन महिने चालेल. जखमी जनावराची सेवा मात्र या मुलांना देऊ नका.

आणि ते कुत्रं. भाजलेल्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं साधं गार पाणी ओतायचं. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. धरण्याआधी तोंडाला सैल कापडी पट्टी बांधा, वेदनेत पाळीव कुत्रंही चावतं. पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ वर फोन करा. या गडबडीत कुणाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. जखमेतून रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही लागतं. छळ करणारी मुलं मार बसेल म्हणून चावा लपवतात. चौघांचे हातपाय आजच बघा.

प्रश्न : शेतकरी आहे. औताला बैल चालेना तर पराणी लावावी लागते. घरात शिरलेला साप मारतो. बोकड कापतो तेव्हा पोरं बघतात. आता हेही क्रूरता म्हणायचं काय?
(अथणी तालुका)

उत्तर : ॲस्कियोन यांनी १९९३ मध्ये केलेली व्याख्या कामाला येईल. समाजाला मान्य नसलेलं, जाणूनबुजून केलेलं आणि गरज नसताना जनावराला वेदना, त्रास किंवा मरण देणारं वागणं म्हणजे क्रूरता. बोकड एका घावात कापला जातो, त्याचा खेळ होत नाही. तो बघितल्यामुळे मूल क्रूर होतं याला आधार नाही. पण मुलाला जबरदस्तीने बघायला उभं करू नका. साप मारण्याऐवजी सर्पमित्राला बोलवा. पराणीचं मात्र सरळ सांगतो, खिळा लावलेली पराणी जखम करते, कायद्याला ती चालत नाही. शर्यतीत बैलाची शेपटी पिरगाळणं, चावणं हेही तसंच. बापाने शर्यतीत शेपटी चावलेली बघणाऱ्या पोराला आपण मांजराबद्दल काय सांगणार?

प्रश्न : भाचा तेरा वर्षांचा. मांजराची पिल्लं एकटाच उसात घेऊन जातो आणि मारतो. तीनदा सापडला. विचारलं तर शांतपणे सगळं सांगतो, वाईट वाटल्याचं काही दिसत नाही. बहीण म्हणते त्याला कुत्र्याचं पिल्लू आणून देऊ, माया लागेल. आणू का?
(एक मामा, रायबाग तालुका)

उत्तर : आणू नका. घरात जनावर असेल तर तेही तूर्त दुसरीकडे ठेवा. ही चूक पुष्कळ घरं चांगल्या मनाने करतात, आणि त्यात एक जीव आणखी जातो.

तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी गंभीर आहेत. तो एकटा करतो, लपवून करतो, पुन्हा पुन्हा करतो आणि त्याला काही वाटत नाही. यासाठी मनोविकारतज्ज्ञ लागतो, तोही या आठवड्यात. धारवाडच्या डिमहान्स या मनोविकार रुग्णालयात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. जायला उशीर लागणार असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

जाताना एक वही न्या. प्रत्येक प्रसंगाची तारीख, जनावर कोणतं, कशाने मारलं, किती वेळ चाललं, त्या दिवशी घरात किंवा शाळेत काय झालं होतं, एवढं लिहा. चोरी, खोटं बोलणं, आग, मारामाऱ्या, शाळा बुडवणं असेल तर तेही. डॉक्टर ज्याला वर्तन विकार म्हणतात त्याच्या १५ लक्षणांपैकी जनावरांशी क्रूरता हे एक आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत ते १९८७ मध्ये आलं. निदानासाठी वर्षभरात तीन लक्षणं आणि त्यातलं एक गेल्या सहा महिन्यांत दिसावं लागतं. दहाव्या वर्षाआधी सुरुवात झाली असेल तर डॉक्टर ती वेगळी मोजतात, म्हणून पहिला प्रसंग कोणत्या वर्षी घडला हे बहिणीला आठवायला लावा.

डॉक्टर त्याला एकट्याला बोलायला मागतील, द्या. त्याच्यावर कुणी लैंगिक अत्याचार केला आहे का, शाळेत त्याला कुणी छळतं का, डोक्याला मार लागला होता का, फिट येतात का, हे बघितलं जातं. त्याचा चेहरा शांत दिसतो यावरून तुम्ही निष्कर्ष काढू नका. भोगून भोगून बधिर झालेलं मूलही असंच शांत सांगतं, आणि ज्याला खरोखर काही वाटत नाही तो आणि हा, या दोघांचे उपचार पूर्ण वेगळे. क्रूरतेवर गोळी नाही. सोबतच्या आजारावर, उदाहरणार्थ अतिचंचलपणावर किंवा नैराश्यावर, गोळ्या मिळतात. खरं काम आईबापांना शिकवण्यात आहे. ठराविक नियम, लगेच आणि लहान परिणाम, चांगल्या वागण्याची त्याच वेळी दखल. हे दर आठवड्याला, काही महिने चालतं. चार भेटींत फरक नाही म्हणून सोडून देणं, हीच सर्वांत जास्त घडणारी चूक. देवऋषी, मारझोड आणि वसतिगृह यांनी वेळ जातो. वसतिगृहात तर त्याच्याहून लहान मुलं असतात.

घरी तोपर्यंत विळे, कोयते आणि फवारणीचं औषध कुलपात. धाकट्या भावंडांना त्याच्यासोबत एकटं सोडू नका आणि त्यांनाही वेगळं बसवून विचारा, ‘दादा तुला कधी दुखवतो काय?’

प्रश्न : मी समाजकार्य शिकलेली आहे, तुरुंगात समुपदेशनासाठी जाते. कैद्यांना बालपणातल्या प्राण्यांच्या छळाबद्दल विचारायचं असेल तर सुरुवात कशी करावी? थेट विचारलं तर सगळे नाही म्हणतात.
(बेळगाव जिल्हा)

उत्तर : ‘छळ’ हा शब्दच वापरू नका. घरात कोणती जनावरं होती, त्यांची नावं काय होती, त्यांना कोण घालायचं-पाजायचं, इथून सुरू करा. मग प्रत्येक जनावराचं पुढे काय झालं ते विचारा. ‘मेलं’ असं उत्तर आलं की ‘कसं?’ एवढंच विचारून गप्प बसा. घरातलं दुसरं कुणी त्यांना मारायचं का, हे त्याच्या स्वतःबद्दल विचारण्याआधी विचारा. दुसऱ्याबद्दल बोलणं सोपं जातं, आणि जबरदस्ती झाली असेल तर ती याच प्रश्नात निघते.

प्रसंग हाती लागला की ॲस्कियोन यांच्या पद्धतीप्रमाणे माहिती घ्या. किती तीव्र, किती वेळा, किती काळ, शेवटचं कधी, किती प्रकारच्या जनावरांवर, एकट्याने की सोबत, उघड की लपून, आणि नंतर काय वाटलं. किडामुंगी आणि कुत्रं यांची नोंद एका रकान्यात करू नका. हेतू मात्र आधी त्याच्या शब्दांत लिहा, नऊपैकी कोणता ते घरी जाऊन ठरवा. यादी पुढे ठेवून विचारलंत तर तो ‘राग आला होता’ हेच निवडेल, कारण ते सांगायला सगळ्यांत कमी लाजिरवाणं आहे. हेन्सली आणि टॅलिशेट यांनी २००५ मध्ये २६१ कैद्यांचं सर्वेक्षण मांडलं, त्यातही राग हे कारण सर्वांत वर आणि त्याखाली मजा असं आलं. राग हे उत्तर खोटं असेलच असं नाही, पण कुणावरचा राग, हे विचारल्याशिवाय ते अर्धंच राहतं.

दोन गोष्टींत फसगत होते. बराकीत वजन वाढावं म्हणून काहीजण न केलेलं रंगवून सांगतात, आणि सुटकेचा अर्ज तोंडावर असेल तर केलेलंही लपवतात. म्हणून तोच प्रसंग काही आठवड्यांनी दुसऱ्या बाजूने विचारा. बढाईखोराच्या गोष्टीत जनावर बदलतं, जागा बदलते. खरं घडलेल्यात बारीक तपशील तेच राहतात. भेटीला येणाऱ्या आईला किंवा बहिणीला विचारता आलं तर उत्तम, पण कैद्याच्या संमतीनेच. काय गुप्त राहील आणि काय अधिकाऱ्यांना सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. बोलता बोलता लहानपणीचा अत्याचार बाहेर आला तर मुलाखत तिथेच थांबवा, वही मिटा, आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवल्याशिवाय त्याला बराकीत परत पाठवू नका.